बासष्टावा दोरा

१२ सप्टेंबर १९७१, रविवार

वाचणाऱ्या, तुझ्या विसरभोळेपणावर मी चाळीस वर्षं पोट भरलंय, म्हणून आधी तुझे आभार. तिसऱ्या पानावर मी तुला सांगते की माळ्याच्या बुटाला लाल माती लागली होती. तू मान डोलावून पुढे जातोस, आणि दोनशेव्या पानावर माझा गुप्तहेर, घड्याळजी पेल, त्या मातीवर बोट ठेवतो तेव्हा कपाळावर हात मारतोस. एकसष्ट वेळा मारलास. माझ्या हिशेबानं बासष्टाव्यांदाही मारशील. तेव्हा या पानांत कोण कोण आहे ते एकदाच सांगते, गाठ मारून ठेव.

मी लेना स्टिडहॅम, वय शहात्तर. पुस्तकांवर 'एल. स्टिडहॅम' छापतात, त्यामुळे अर्धी अमेरिका मला मिशावाला समजते. मी बोलते, थीडा प्रुइट टाइप करते. थीडा सदुसष्टची. एकोणीसशे तीस साली शाळेची मास्तरीण म्हणून केनी फोर्कला आली, माझ्याकडे राहायला-जेवायला उतरली, ती आजतागायत जेवतेच आहे. क्लीटस टपालवाला. आर्लिसभाऊ आठवडाभर दुकान चालवतात आणि रविवारी चर्चमध्ये गाणं उचलतात. झाली माणसं. यापेक्षा कमी माणसांत मी कधी खून केलेला नाही.

आणि हे थीडाखेरीज या खोऱ्यात कुणालाही ठाऊक नाही: मला अक्षर येत नाही. आमच्या वेळी शाळा दोन डोंगर पलीकडे होती आणि घरी धाकटी सहा. सही तेवढी येते, तीही वेलबुट्टी शिकावी तशी शिकले.

ही रोजनिशी कशासाठी? पेलच्या गोष्टींत अडचणीत सापडलेला माणूस नेहमी रोजनिशी ठेवतो, आणि तो मेल्यावर ती पेलच्या कामी येते. मी म्हटलं, आपल्या घरात काहीतरी शिजतंय. ठेवावी.

१५ सप्टेंबर

काय शिजतंय ते मला कळलं. थीडाला प्रेम झालंय.

पुरावे सांगते. एक, तिचं लक्ष थाऱ्यावर नाही. काल माझ्या कॉफीत साखरेऐवजी मीठ. दोन, भर दुपारी दिवा लावून बसते, म्हणजे चेहरा उजळ दिसावा. तीन, आणि हा पक्का: क्लीटस टपाल घेऊन आला की ही फाटकापर्यंत स्वतः जाते. पूर्वी तो ओसरीवर आणून टाकायचा. आता दोघं फाटकाशी पंधरा-पंधरा मिनिटं डोकं जोडून उभी असतात. त्याच्या हातात कागद असतो आणि तो काहीतरी हळू आवाजात म्हणत असतो. कविता असणार. विधुर माणसं तिकडेच वळतात.

आज ती भिंतीला धरून चालत होती आणि पायरीवर ठेचकाळली. मी जेवताना म्हटलं, "मास्तरीणबाई, पायरी जपून उतरा. हल्ली पाय जमिनीला लागत नाहीत तुमचे."

"लेनाताई, तुझं कोकरू आटपलं असेल तर ताट दे."

"कोकरू नाही, डुक्कर आहे ते."

"तेच म्हणतेय मी."

बघा. मन ठिकाणावर नाही. हे सगळं ती निमूट टाइप करतेय, आणि तिचे कान लाल झालेत. बाराव्या प्रकरणाचं काम आज दोन पानं पुढे सरकलं.

२० सप्टेंबर, सोमवार

न्यूयॉर्कहून माझ्या प्रकाशन कंपनीचं पत्र. थीडानं जेवणाच्या टेबलाशी वाचून दाखवलं, आणि ते ऐकल्यापासून माझं डोकं भणभणतंय.

कंपनीला काळजी वाटते. पाठवलेल्या प्रकरणांवरून लेखकाचं वय झालेलं जाणवतं. सहा ऑक्टोबरला मिस केसलर नावाच्या बाई येतील, लेखकाला काम करताना पाहतील. लेखक थकला असेल तर बासष्टावं पुस्तक आणि पुढची सगळी दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतली जातील. नाव तेच राहील. करारात तशी सोय आहे.

नाव तेच. म्हणजे कुणीतरी पोरगा न्यूयॉर्कात बसून घड्याळजी पेलच्या तोंडी शब्द घालणार, आणि वर माझं नाव. माझा नवरा वायली खाणीतून आला की म्हणायचा, "माझ्या बायकोनं दोनशे माणसं मारलीत, मी सावध जेवतो." त्या दोनशेंतला प्रत्येक माणूस मी स्वतः मारलाय. भाड्यानं कुणाकडून मारून घेतलेला नाही.

"कुठल्या प्रकरणात दिसला त्यांना थकवा?" मी विचारलं.

थीडा खोकली. "लिहिलेलं नाही तसं."

वर तो कागदही धड नाही. त्यांच्या पत्रावर नेहमी एक कंदील छापलेला असतो. या खेपेला तो तळाशी होता आणि वटवाघळासारखा उलटा लटकत होता. मोठ्या शहरातल्या लोकांना काय फॅशन सुचेल सांगता येत नाही. असे लोक मला म्हातारी म्हणणार.

२१ सप्टेंबर

भीती वाटते, ते लिहून ठेवते. त्या बाईंनी माझ्यासमोर एखादं पान ठेवून "हे जरा वाचा" म्हटलं तर? एकसष्ट पुस्तकं, आणि लेखकाला स्वतःचं नाव 'स'वरून सुरू होतं की 'श'वरून हे सांगता येत नाही. मग त्यांना कुणाचीच गरज नाही. म्हणतील, मास्तरणीनं लिहिली असणार, ही नुसती पाटी.

आज काम नाही.

२६ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेलो. आमच्याकडे गाण्याची पुस्तकं वाटत नाहीत. आर्लिसभाऊ एक ओळ उचलतात, सगळी मंडळी ती ओळ लांबवून म्हणतात, मग पुढची. देवानं आणि आमच्या पूर्वजांनी मिळून माझ्यासाठीच ही पद्धत काढली असावी. सत्तर वर्षं मी त्या बाकावर बसते. कुणाला संशय आला नाही.

आमची पुस्तकंही अशीच होतात. मी एक वाक्य म्हणते, थीडा ते मोठ्यानं म्हणते आणि टाइप करते, मग पुढचं. सुरुवात शेंगांपासून झाली. उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही बायका हिरव्या शेंगा दोऱ्यात ओवून वाळवत बसायचो, आणि मी हात चालावेत म्हणून गोष्ट सांगायची. थीडानं एक गोष्ट शाळेच्या वहीत उतरवली आणि मला न विचारता एका मासिकाला धाडली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पुस्तकाचा एक दोरा असतो. प्रत्येक माणसाचं एक बटण, प्रत्येक प्रकरणाची एक गाठ. जो मरतो त्याचं बटण तंबाखूच्या डबीत. पेल म्हणजे वायलीच्या लग्नातल्या सदऱ्याचं पांढरं बटण. दर पुस्तकात तेच बटण पुढच्या दोऱ्यावर येतं. जुन्या दोऱ्यावर त्याच्या जागी एक रिकामी गाठ राहते. एकसष्ट दोरे भिंतीवर खुंट्यांना आहेत. मी बोटं फिरवली की सगळं आठवतं.

घरी येताना दुकानातून पीठ घेतलं. आर्लिसभाऊंना भारी बोलायची सवय. डबा हातात दिला की वर काय छापलंय ते सगळं म्हणून दाखवतात. "हा बघा आजी, हा बेकिंग पावडरचा, आणि हा सोड्याचा, निळा डबा." मी कधी विचारलं? वीस वर्षं ऐकून घेते. भला माणूस, पण बडबड्या.

३० सप्टेंबर

थीडा, आज मी जे सांगेन ते जसंच्या तसं टाइप कर. तू कधी माझा शब्द बदललेला नाहीस. आजही बदलू नकोस.

सकाळी थीडा कोंबड्यांकडे होती, म्हणून टपाल मीच घेतलं. क्लीटस चाचरला. "आजी, थीडाबाई नाहीत? मग थांबतो मी जरा."

"तुझी कविता मला म्हण की."

"कसली कविता?" तो खरंच गोंधळला.

न्यूयॉर्कचं पाकीट होतं. कोपऱ्यात कंदील, सरळ उभा, ज्योत वर. आतल्या कागदावरही तसाच. मी ओट्यावरचं जुनं पत्र आणलं. तेही फिरवून धरलं तर कंदील वर आणि सरळ. ज्योत खाली ठेवून कंदील कुठल्याच देशात पेटत नाही. उलटं पत्र नव्हतं. उलटं धरलं गेलं होतं.

दुपारी मी थीडाच्या हातात एक कागद दिला आणि म्हटलं, "मास्तरीण, न्यूयॉर्कचं ते पत्र पुन्हा वाच गं. मला नीट ऐकू दे." तिनं चष्मा पुसला, कागद नाकाशी नेला आणि पत्र वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता.

तो कागद कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्याचा होता.

टाइप कर, थीडा. थांबू नकोस.

यंत्र थांबलं. मी शंभर आकडे मोजले. आता पुन्हा चालू झालंय, म्हणून पुढचं सांगते.

मीठ, भरदुपारचा दिवा, भिंतीला धरून चालणं, पायरीवरची ठेच. क्लीटस फाटकाशी उभा राहून तिला पत्रं वाचून दाखवत होता आणि ती पाठ करत होती. पेलनं हे तिसऱ्या पानावर ओळखलं असतं. मला वाटलं प्रेम. दोनशे खुनांचा छडा लावणारी मी, आणि माझ्या टेबलाशी बसलेल्या बाईचे डोळे गेले ते मला दिसलं नाही.

आणि युक्त्या तरी कुणाच्या? माझ्याच. चष्मा पुसायचा, खोकायचं, दुसऱ्याकडून आधी ऐकून ठेवायचं. साठ वर्षं मी ज्या वाटेनं चालले त्याच वाटेनं ही माझ्या मागून आली, आणि मी वळून पाहिलं नाही.

१ ऑक्टोबर

काल थीडा टाइप करून झाल्यावर थेट निजायला गेली. आज शेंगा निवडताना बोलली.

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणतात, लेक्सिंग्टनला जाऊन काढून घ्या."

"मग काढला का नाहीस?"

"माझ्या वडिलांचा एक काढायला गेले, तर दोन्ही गेले."

"ते कधी? राणी व्हिक्टोरिया होती तेव्हा?"

"हसू नकोस, ताई. आंधळी झाले तर तुला टाइप कोण करून देणार? आत्ता निदान बोटांना यंत्रावरची अक्षरांची घरं पाठ आहेत. म्हटलं, बासष्टावं होऊ दे, मग बघू." मग तिनं शेंग खाली ठेवली. "पत्रातलं मी एक गाळलं. नववं प्रकरण. त्या दिवशी माझी बोटं यंत्रावर एक घर सरकून बसली. बारा पानं. नुसती अक्षरांची खिचडी गेली न्यूयॉर्कला, आणि मला दिसली नाही. त्यांना वाटलं तुझं डोकं फिरलं. तुझं नाव माझ्यामुळे जातंय."

मला राग आला. खोटं का सांगू. अर्धा तास मी कोंबड्यांशी बोलत होते. वेड्या अक्षरांची बारा पानं, माझ्या नावाखाली. मग मला आठवलं, एकसष्ट पुस्तकांत मी किती वेळा मेलेल्याला पुढच्या प्रकरणात चहा प्यायला बसवलंय, आणि दर वेळी कुणी म्हटलंय, "ताई, हा मेला ना गेल्या मंगळवारी?" ती बारा पानं सोडून बाकीची हजारो कुणाची?

परत आले आणि म्हटलं, "त्या केसलरबाईंसमोर एक डाव टाकता येईल. तू वाचल्यासारखं कर, मी तपासल्यासारखं करते."

"आंधळीनं वाचायचं आणि अडाणी बाईनं चुका काढायच्या?"

"पेलच्या गोष्टीत शोभेल."

"पेल हे एका मिनिटात पकडेल," थीडा म्हणाली. "आणि तुला ठाऊक आहे, तो खोट्या साक्षीदाराला कधी माफ करत नाही."

हे खरं आहे. तो नियम मीच त्याला घालून दिला.

७ ऑक्टोबर

काल मिस केसलर आल्या. चाळिशीच्या, बारीक, चिखलात रुतलेले शहरी बूट. मी पाय धुवायला पाणी दिलं, सूप-बीन्सची पातळ उसळ आणि मक्याचा पाव वाढला. चांगल्या जेवल्या. मग रुमालानं ओठ टिपून म्हणाल्या, "मिसेस स्टिडहॅम, तुमचं हस्तलिखित बघायला आवडेल मला. तुमच्या हातचं."

"ते काय भिंतीवर."

त्यांनी एकसष्ट दोऱ्यांकडे पाहिलं, मग थीडाकडे पाहिलं. थीडा भलतीकडेच बघत होती, पण ते मुद्दाम नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, मला लिहिता-वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. आणि हिला दिसत नाही. तुमची ती खिचडी एका बोटानं चुकलेल्या घराची आहे, डोक्याची नाही. आम्हां दोघींचा मिळून एक पुरता लेखक होतो. आता तुम्ही ठरवा."

बाईंनी रुमालाची घडी घातली. मग हळूच म्हणाल्या, "असं असेल तर लोक म्हणतील, पुस्तकं मिस प्रुइटनी लिहिली."

थीडा ताठ बसली. "मला खून करता येत नाही," ती म्हणाली. "मी एकदा प्रयत्न केला होता. पाचव्या पानावर सगळ्यांनी एकमेकांची माफी मागितली."

"कुठलाही दोरा काढा," मी बाईंना म्हटलं.

त्यांनी मधलाच एक उचलला. मी बोटं फिरवली. शिंगाचं बटण, शिंपल्याचं बटण, पेलची रिकामी गाठ, एक तुटकं. "हे एकोणिसावं. गिरणीतला खून. तुटकं बटण म्हणजे गिरणीवाल्याचा भाऊ, त्याला दोन बोटं नव्हती, म्हणून पिशवीची गाठ त्यानं दातानं मारली होती. तुमच्या लोकांनी मुखपृष्ठावर त्याला दहा बोटं काढली. बोटं मोजायला अक्षर लागत नाही. अजून राग आहे."

बाई जराशा हसल्या. "मी तेव्हा तिथे नव्हते."

"मग आत्ता आहात तर बसा यंत्राशी. नववं प्रकरण पुन्हा सांगते. पण आमची रीत पाळायची: मी ओळ म्हणेन, तुम्ही ती मोठ्यानं म्हणायची, मग टाइप करायची."

"मोठ्यानं?"

"चर्चमध्ये म्हणतो तशी. लाजू नका, कोंबड्यांखेरीज कुणी नाही."

पहिली दहा वाक्यं त्यांनी पत्ता सांगावा तशी म्हटली. पुढे आवाज सैल झाला. मी दोरा धरून बसले, थीडा कान देऊन. पेल विधवेच्या घरी घड्याळ दुरुस्त करायला येतो. नवरा जाऊन अकरा दिवस झालेत. बाई म्हणते, त्यांच्यामागे या खोलीत कुणी पाऊल टाकलेलं नाही. पेल घड्याळाला हात लावत नाही, नुसता ऐकतो.

टाइपचा आवाज थांबला. "एक मिनिट," मिस केसलर म्हणाल्या. "हे आठ दिवसांच्या किल्लीचं घड्याळ आहे. अकराव्या दिवशी ते चालू कसं?"

"लिहा बाई. पेलला आधी कळू द्या."

थीडा तोंडावर हात ठेवून हसत होती. तिचे डोळे भरले होते, पण ते मोतीबिंदूचंही असेल.

संध्याकाळपर्यंत चौदा पानं झाली. शेवटच्या पानावर बाईंनी विचारलं, "किल्ली कुणी दिली?" मी म्हटलं, ते सोळाव्या गाठीवर आहे. "मी उद्या सकाळी परत जाणार आहे." मग नाही कळणार, मी म्हटलं. त्या उठल्या, फोन करायला दुकानात गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "मी आठवडाभर राहिले तर कुठे झोपू?"

"हिच्या खोलीत. ही लेक्सिंग्टनला चाललीय."

"मी कुठेही चाललेले नाही," थीडा म्हणाली.

"चालली आहेस. त्या पहिल्या गोष्टीच्या वहीची शपथ. टाइप करायला माणूस मिळालंय, आता तुझं निमित्त संपलं."

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "क्लीटसला विचार, सोमवारी त्याची गाडी आहे का." क्लीटसनं गाडी आधीच धुऊन ठेवली होती.

१४ ऑक्टोबर

थीडा, हे मिस केसलर टाइप करतायत आणि क्लीटस तुला वाचून दाखवेल. तुझ्या डोळ्यावर अजून पट्टी आहे आणि डोकं हलवायचं नाही, तेव्हा पहिल्यांदाच तुला माझ्यावर मान हलवता येणार नाही. नर्सचा फोन आला दुकानात. म्हणाली, एका डोळ्याचं छान झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. आर्लिसभाऊंनी मला सांगितलं आणि मग स्वतःच पोत्यामागे जाऊन नाक शिंकरलं.

न्यूयॉर्कनं होकार दिला. पेलच्या तोंडी माझ्याखेरीज कुणी शब्द घालणार नाही, हे लिहून आलं. केसलरबाईंनी दोनदा वाचून दाखवलं आणि कंदील सरळ होता. मी माझी एक अट घातली. बासष्टाव्या पुस्तकावर 'एल.' नाही. 'लेना स्टिडहॅम यांनी सांगितलं, थीडा प्रुइट यांनी लिहून घेतलं.' असंच, आणि सारख्या आकाराच्या अक्षरांत. मी बोटांनी मोजून घेणार आहे.

आता पुस्तकावरच छापून येणार, तर मंडळींना आधी माझ्या तोंडून कळावं म्हणून काल बुधवारच्या प्रार्थनेला चर्चमध्ये उभी राहिले. म्हटलं, "मला वाचता येत नाही. कधीच आलं नाही." इतका जबर धक्का बसला सगळ्यांना की एकाच्या तोंडून शब्द फुटला नाही. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आर्लिसभाऊंनी जरा वेळ थांबून "बरं, आजी" म्हटलं आणि पुढची ओळ उचलली. बिचारे, सावरायला वेळ लागेल त्यांना.

क्लीटस चार दिवस तिथेच आहे असं कळलं. टपाल त्याचा भाऊ वाटतोय. तुझ्या उशाशी बसून वाचतो म्हणे. सप्टेंबरातला माझा तपास अगदीच वाया गेला नव्हता, एवढंच म्हणते.

केसलरबाई पंधराव्या गाठीवर आहेत आणि काल जेवताना मला धमकी देऊन पाहिली. मी काही सांगितलं नाही. सोळावी गाठ तू आल्यावरच. ती दुसऱ्या कुणाला टाइप करू देणार नाही.

येताना, किंवा त्याआधी क्लीटसबरोबर, लेक्सिंग्टनच्या त्या मोठ्या दुकानातले चॉकलेटचे लाडू पाठव, बर्बन व्हिस्की घातलेले, दोन डझन. अक्रोडाचे नकोत, पिकॅनचे. बुटाच्या खोक्यात घाल, वर सुतळी बांध आणि मोठ्या अक्षरांत 'औषध' असं लिही. पार्सल दुकानात उतरतं. मला वाचता येत नाही, पण आर्लिसभाऊंना येतं.